काठापासून पाणी

चार पाय, आठ आडव्या पट्ट्या, अठ्ठेचाळीस स्क्रू. फिशटँकसाठी हा सागवानी स्टँड हृषीकेशने स्वतः आखून बनवला होता. महिन्यापूर्वी टाकी भरली तेव्हा पाणी चारी बाजूंनी काठाखाली तीस मिलिमीटर होतं. आज ते एकीकडे चढलं होतं.

"सुतारसाहेब, तुमचा स्टँड कलला की हो!" त्याची बायको मुक्ता हसली.

"माझीच चूक निघू दे," असं पुटपुटत त्याने टेप काढली. तळं बुजवून उभारलेल्या या इमारतीत दोघांची सगळी पुंजी गेली होती. टाकीशेजारच्या भिंतीत भेग पडली, तेव्हा बिल्डर म्हणाला होता, ती नुसती प्लास्टरची आहे.

त्याने पाय मोजले, सारखे भरले. कर्ण मोजले, तेही सारखे. एकही सांधा हलत नव्हता.

"सापडली का रे चूक?" आता मुक्ता हसत नव्हती.

त्याने काठापासून पाणी मोजलं. भेगेच्या बाजूला सव्वीस मिलिमीटर, दुसरीकडे चौतीस.