शेवटचा सामना

"हेमांगीचा गुडघा दुखतोय, आज तिला बसवा," बास्केटबॉल संघाचे मॅनेजर म्हणाले आणि कोच वृंदाताईंना शंका आली. हा शेवटचा सामना हरला तर संघ तळाला जाणार होता, आणि तळाच्या संघालाच पुढच्या हंगामाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या वाटपात, नवी खेळाडू सगळ्यांत आधी निवडता येणार होती.

त्यांनी हेमांगीला बाजूला घेतलं. "खरंच दुखतोय?"

"नाही मॅडम. तसं सांगितलं तरच करार वाढवू म्हणाले."

ताईंनी तिला खेळवलं. तिचे पहिले तिन्ही नेम चुकले, तेव्हा ताईंना तिचाही संशय आला. तरी त्यांनी तिला बाहेर काढलं नाही. अखेरच्या मिनिटात तिनेच सामना जिंकून दिला.

मॅनेजर टाळी न वाजवता निघून गेले.

"माझ्यावर विश्वास होता ना, मॅडम?" धापा टाकत हेमांगीने विचारलं.

ताईंना पटकन हो म्हणता आलं नाही.