कोपऱ्यातला ठसा

जुन्या काळच्या कल्पनेतल्या अवकाशयानाचं ते चित्र बायकोने पसंत केलं होतं. ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी ते घेतलं, चकचकीत ॲक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यामागे पक्कं चिकटवलेलं.

मुलीने वरची संरक्षक फिल्म सोलली. खालच्या कोपऱ्यात बोटाचा ठसा होता, मधोमध आडवी चीर असलेला. पुसून जाईना.

“बाबा, हा आतून आहे. बदलून आणा.”

“राहू दे.”

बायकोच्या बोटावर कात्रीचा तसाच व्रण होता. मी टांगलेली प्रत्येक फ्रेम तिरकी व्हायची. “तुमची नजरच वाकडी,” म्हणत ती त्याच कोपऱ्याला बोट लावून सरळ करायची.

हे चित्र मी मुद्दाम तिरकं टांगलं आणि मुलीला बसपर्यंत सोडून आलो.

चित्र सरळ होतं. कोपऱ्यात दोन ठसे होते, दोन्ही आतून.