खांद्यातला आवाज

थोरल्या अविनाशने विस्तवाचं मडकं उचललं, तसा यतीन आबांच्या तिरडीच्या पुढच्या दांडीशी येऊन उभा राहिला.

"तू नको," भिकाजीकाका म्हणाले. "तुझ्या खांद्यात ते यंत्र आहे. तुझ्या बापानं तुला कधी घागरसुद्धा खांद्यावर घेऊ दिली नाही."

"आज घेऊ द्या, काका."

यतीन जन्मला तेव्हाच तपासणीत दिसलं होतं, की त्याच्या कॉलरबोनच्या टोकाचा सांधा आबांसारखाच तिरका बसलाय. ओझं वाहिलं तर चाळिशीच्या आत झिजणार. आबांनी जन्मभर बाजारात पोती वाहिली होती. शेवटी शेवटी त्यांना सदराही दुसऱ्याने चढवावा लागे. म्हणून त्यांनी पोराच्या खांद्यात, कातडीखाली, तांदळाएवढं यंत्र बसवून घेतलं. भार आला की ते बोलायचं.

तिरडी निघाली. विसाव्याचा दगड यायच्या आधीच यंत्र जागं झालं.

"बाळा, ओझं खाली ठेव. खांदा दुखेल."

खांदेकरी जागीच थबकले. मडकं धरणाऱ्याने मागे पाहायचं नसतं, तरी अविनाश वळला. परक्याचं मुलं ऐकत नाहीत, म्हणून त्या यंत्रात बापाचाच आवाज भरायची पद्धत होती.

काका पुढे झाले. "दे इकडे, यतीन."

यतीनने दांडी सोडली नाही. शाळेतून दप्तर आणताना तो रोज जे उत्तर द्यायचा, तेच त्याच्या तोंडून आलं.

"थोडंच राहिलंय, आबा."