माहेरचा मोगरा

संक्रांतीला माहेरी जाऊन गौतमी परतली, तर बाल्कनीतल्या कुंडीत नुसत्या काटक्या उभ्या आणि कात्री सासऱ्यांच्या हातात.

"अप्पा, आईनं दिलेला मोगरा होता हो तो!"

"अगं, थंडीत पानं काढून टाकली की उन्हं तापताच कळ्यांनी लगडतो. बघशील तू."

तिनं काही ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून चहाचा कप अप्पांसमोर यायचा, पण सोबत शब्द यायचा नाही.

होळी जवळ आली, पहाटेचा गारवा सरला. काटक्यांना कोवळी पालवी फुटली, कळीचा मात्र पत्ता नव्हता. अखेर काल कपडे वाळत घालताना गौतमीला एक दिसली. पण आपण होऊन सांगायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली.

आज चहा घेऊन आली, तर अप्पा कुंडीपाशी उकिडवे बसून झाडाची विनवणी करत होते, "बाबा रे, एखादी तरी कळी दाखव. तुझ्यापायी सून बोलत नाही माझ्याशी. घर खायला उठतं."

गौतमीनं कप कट्ट्यावर ठेवला.

"अप्पा, आधी चष्मा लावा. खालच्या फांदीला बघा की!"