अण्णांचं तळं

“चाळीस,” धाकटी म्हणाली आणि हातजाळ्यातला शेवटचा मेलेला मासा तिने घमेल्यात टाकला.

काल एकतीस होते. काठावर उभे असलेले तिचे वडील, अण्णा, पुढे आले. त्यांनी औषधाची पुडी तिच्यासमोर धरली.

“अजून वेळ गेलेली नाही. टाक खाद्यात.”

“नाही टाकणार.”

“जंतूंनी मासे मरतायत आणि तू त्यांना आणखी जंतूच खाऊ घालतेस. लोक हसतात मला.”

“हसू दे, अण्णा. तीस दिवस ठरलेत. आज तिसराच आहे.”

चारांपैकी दोन तळी आधीच रिकामी झाली होती. चार वर्षं अण्णा खाद्यातून औषध देत होते. दर वर्षी मात्रा वाढत गेली आणि दर वर्षी मासे जास्तच मरत गेले. थोरल्या दादाने शेवटी हात टेकले. तळी बुजवायची आणि तिथे गोदाम बांधायचं, असं त्याने ठरवून टाकलं. ते कळलं तशी धाकटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रजा टाकून घरी आली.

त्या दोन तळ्यांतलं दुसरं उपसताना तळाशी सहा मासे ठणठणीत निघाले होते. तेच पाणी, तेच खाद्य, तोच रोग, तरी यांच्या अंगाला धक्का लागला नव्हता. धाकटीने ते सहाही कापले. अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिने त्या माशांच्या आतड्यातले जंतू काचेच्या बशांमध्ये वाढवले आणि त्यांच्या शेजारी रोगाचे जंतू सोडले. एका बशीत एका पिवळट ठिपक्याभोवती स्वच्छ गोल कडं पडलं. रोगाला तिथे पाय ठेवता आला नव्हता. त्या ठिपक्यातले जंतू तिने साखरेच्या पाण्यात वाढवले आणि ड्रम भरला.

दादाने तीस दिवस दिले. एका तळ्याला धाकटीचं खाद्य, दुसऱ्याला अण्णांचं औषध. “माझ्या तळ्याला कुणी हात लावायचा नाही,” अण्णांनी बजावलं. मेलेल्या माशांचे आकडे रोज खाद्याच्या खोलीच्या दारावर खडूने मांडायचे, दोन तळ्यांचे दोन रकाने.

धाकटी पहाटे उठून ड्रममधलं पाणी खाद्यावर शिंपडायची, सावलीत सुकवायची आणि स्वतः तळ्यात टाकायची. खाद्य तसंच तरंगत राहायचं. चौथ्या दिवशी बावन्न मेले. सहाव्या दिवशी त्रेसष्ट. त्या दिवशी तिचा खडू दारावर टेकला तो बराच वेळ हललाच नाही. मग तिने आकडा लिहिला, हात धुतले आणि दुसऱ्या दिवसाचं खाद्य भिजवायला घेतलं.

आठव्या दिवशी तिने पहिली मूठ टाकली आणि पाणी खळबळलं. मासे तोंडं वासून वर आले होते. तिने दुसरी मूठ टाकली, तिसरी टाकली. चपला काठावर सोडून ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि एकटीच हसत सुटली. पलीकडच्या बांधावर अण्णा बादली घेऊन उभे होते. त्यांच्या तळ्यात खाद्य तसंच तरंगत होतं. त्यांनी तिच्या तळ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

तिच्या रकान्यातले आकडे उतरत गेले. वीस, नऊ, दोन. मग शून्य. अण्णांच्या रकान्यात मात्र पन्नास-साठच्या खाली काही येईना. आणि सतराव्या दिवशी त्यांचेही मासे खायला वर आले. आठवड्याभरात तिथेही शून्य लागलं.

दोन तळ्यांत आता फरकच उरला नाही, हे धाकटीला दिसलं. मासे जगले याचं वाईट वाटतंय म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिसाव्या दिवशी दादा गोदामाचा नकाशा घेऊन आला. दारावरचे दोन्ही रकाने त्याने वरपासून खालपर्यंत वाचले.

“खूप राबलीस तू,” तो म्हणाला. “पण औषधालाही गुण आलाच की. थोडा उशिरा, एवढंच. मुळात हवा पालटली असणार. पुढच्या वर्षी पुन्हा हेच होईल.”

तिला खोटं बोलवेना. “बरोबर आहे तुझं. यातून काहीच सिद्ध होत नाही,” ती म्हणाली. “मला आणखी तीस दिवस दे. पुन्हा पहिल्यापासून करते.”

“आणि पुन्हा असंच झालं तर?”

“तर तिसऱ्यांदा करीन.”

दादाने नकारार्थी मान हलवली आणि नकाशा टेबलावर पसरला.

अण्णा इतका वेळ कोपऱ्यात बसून होते. ते उठले, दारापाशी गेले, खडू घेतला. आपल्या रकान्यात नवव्या दिवसावर त्यांनी एक जाड आडवी रेघ ओढली.

“हे काय, अण्णा?” दादाने विचारलं.

अण्णांनी धाकटीकडे पाहिलं नाही.

“त्या दिवसापासून औषध बंद केलं मी. हिच्याच ड्रममधलं चोरून घालत होतो. माझ्या हट्टापायी माझ्या माशांनी का मरायचं?”