पूर्ण आठ

"एवढा आवाज होतो," असं म्हणून गिटारवाल्यांनी शेवटची तार सोडली आणि दाराकडे हनुवटी केली. "बघ, ही माझी श्रोती."

दारात त्यांची बायको दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. अ‍ॅम्प दुरुस्त करायला आलेल्या माणसाने आधी अ‍ॅम्पकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनीही त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग त्यानेही सावकाश कानांवर हात ठेवले.

गिटारवाल्यांना समाधान वाटलं, आणि लाजही. चाळीस वर्षं हॉटेलांतून वाजवून त्यांचे स्वतःचे कान त्यांच्याआधीच निवृत्त झाले होते. आता लोक त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलत. पण दुपारी चारला पडद्यातून पिवळं ऊन आत आलं, अ‍ॅम्पच्या काचनळ्यांत निखारे जागे झाले, की सगळं ऐकू यायचं. जुना हॉल, फरशीवर सरकणारी नाचणाऱ्यांची पावलं, सगळं पाण्याखालून यावं तसं. स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवला की लाकूड कोमट लागायचं. पूर्वी ते थरथरायचंसुद्धा. आता बोटांचंही वय झालं, दुसरं काय. हाताला मात्र गोडवा आला असावा, कारण एके काळी भांडायला येणारे वरच्या मजल्यावरचे शेजारी हल्ली जिन्यात हसायचे.

एकटी बायको तशीच. रोज चारला दारात, कानांवर हात.

"तीन वर्षं सोसतेय बिचारी," गिटारवाले म्हणाले. "तुझा तो अटेन्युएटर बसव. जमलं तर ठीक, नाहीतर हे सगळं आजच उचलून घेऊन जा. म्हातारपणी बायकोचं डोकं उठवायचं, ही कसली कला?"

ते हसत म्हणाले, पण गिटारच्या मानेवरची मूठ काही सुटली नाही.

दुरुस्तीवाल्याने पाटी घेतली. अटेन्युएटर मधे बसून आवाज गिळतो, त्याने लिहिलं. पण काका, अ‍ॅम्प, अटेन्युएटर आणि पेटी, तिघांचे ओहम जुळले पाहिजेत. नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो.

"म्हणजे लग्नासारखंच की. फक्त इथे न जुळल्याचा वास लगेच येतो."

काकू चहा टाकायला आत गेल्या. दुरुस्तीवाल्याने पेटीच्या वायरीला मीटर लावला आणि पाटीवर आकडा लिहिला: ८.०. खाली 'उत्तम जुळतंय' असं लिहून, पाणी पिऊन येतो अशी खूण करून तोही स्वयंपाकघरात गेला.

गिटारवाले त्या आकड्याकडे पाहत राहिले. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर कधी आठ दाखवत नाही. सहा दाखवतो, फार तर साडेसहा. चाळीस वर्षांत शेकडो पाहिले, एकही इतका मापात वागलेला नव्हता.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, पेटी भिंतीपासून ओढली आणि मागची फळी उघडली.

आत स्पीकर नव्हता. त्याच्या जागी गोल भोक होतं, आणि तळाशी मेणबत्तीएवढा एक पांढरा रेझिस्टर, सगळी वीज पिऊन गप्प बसलेला, अजून कोमट. त्याच्यावर तीन वर्षांची धूळ होती.

त्यांनी सहाही स्क्रू होते तसे बसवले आणि पेटी मागे सरकवली. बायको चहा घेऊन आली. तिच्यामागून दुरुस्तीवाला, जमिनीकडे बघत.

"अटेन्युएटर राहू दे रे," गिटारवाले म्हणाले. "हिच्यासाठी मीच जरा हळू वाजवत जाईन."