माहेरचं लुगडं

"लुगडं चांगलं आहे गा भाऊ," कौसल्या म्हणाली, "पण दिवाळी तं होऊन गेली."

"दिवाळीचं नाही वं हे. शेवटचं आहे."

कौसल्या खुदकन हसली. सत्तरीच्या बहिणीसाठी भाऊ शालिकराम पारशिवनीहून यष्टीने सक्करदऱ्यापर्यंत आला होता, तेही असलं लुगडं घेऊन. तिने हिरव्या काठावरून बोट फिरवलं. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं भावाने स्वतःच्या हाताने पांघरायचं, हा घराण्याचा रिवाज. आई जाताना शालिकरामने आईला तसा शब्द दिला होता.

आतल्या खाटेवर कौसल्येचे यजमान मनोहरराव धापा टाकत होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"ते पहिले गेले का मंग हिरवं नाही चालत," शालिकराम हळूच म्हणाला.

"अभद्र नको बोलू!" तिने आत पाहिलं आणि आवाज उतरवला. "रोज देवाले हेच मागतो मी. मले पहिले ने म्हणतो."

"आयकते का देव?"

"कुठचं आयकते! शेजारची सुभद्रा दवाखान्यात गेली. तिथूनच गाडीत घालून नेली, दवाखान्याच्या चादरीत. ना न्हाणं, ना कुंकू. भाऊ लुगडं घेऊन आला तं नुसती राख. काखेत लुगडं घेऊन वापस गेला बिचारा. मले तसं नको जाऊ देजो."

"नाही जाऊ देत."

"तू आहे तवरी ठीक. तुह्या पोरांचा काही भरवसा नाही."

"पोरं म्हणतात, हे सारं बंद करा आता." शालिकरामने छातीवर हात ठेवला. "अन् मीबी होळी पाहत नाही वं. डॉक्टरनं सांगतलं."

कौसल्येचे डोळे भरून आले. "मंग माह्यं कसं गा?"

"तोच विचार करून राहिलो होतो रस्ताभर." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "तू बस. आज चहा मी करतो."

"अगंबाई! जल्मात चुलीजवळ नाही गेला हा बुढा! स्टोव्ह पेटवता येते का?"

आत स्टोव्ह फरफरला. बऱ्याच वेळाने शालिकराम एकच कप घेऊन बाहेर आला.

तिने घोट घेतला. "किती साखर ओतली गा! तरी कडूच लागते."

"भावाच्या हातचा आहे. टाकू नको."

तिने हसत कप संपवला. तो शेवटच्या घोटापर्यंत पाहत राहिला.

"तू नाही घेतला?"

"मले कामं आहेत अजून."

"कोणती कामं? गाडी चुकन तुही."

शालिकरामने लुगड्याची घडी मोडली. पदर नीट झटकला.

"आता आडवी हो वं, माय," तो म्हणाला.